आठवी खाच

पडावात बसल्या बसल्या कोकिळाच्या पायाने एका परक्या माणसाची वाट अडवली आणि तिथूनच सगळ्याला सुरुवात झाली.

तसा दोष पायाचाही नव्हता. एकोणीसशे तेहतीसचा कार्तिक होता. मुंबईची बोट रेवदंड्याच्या खाडीबाहेर उभी राहिली, उतारू एकेक करून किनाऱ्याला नेणाऱ्या पडावात उतरले आणि बाबाजींनी आपल्या लेकीला जपून आडव्या फळकुटावर बसवलं. तिचा उजवा पाय बांबूच्या दोन कामट्यांमध्ये बांधून घोंगडीत गुंडाळलेला होता. तो दुमडत नव्हता, त्यामुळे पडावाच्या मधोमध सरळ पसरून राहिला होता.

"ओ बाय, पाय जरा आत घ्या की. मला फळी ठेवायची हाय."

"घेता आला असता तर तुमी सांगायची वाट बघितली असती व्हय?"

कोकिळाने मान वर करून पाहिलं. तेवीस-चोवीस वर्षांचा एक तरुण खांद्यावर लांबलचक सागवानी फळी घेऊन उभा होता. त्याने घोंगडीकडे पाहिलं, कामट्यांची टोकं पाहिली आणि त्याचे कान लालबुंद झाले. किनारा येईपर्यंत, पडाव इतका हिंदकळत होता तरी, ती फळी उभी धरून तो दरबारातल्या भालदारासारखा ताठ उभा राहिला. कोकिळाला हसू आलं. दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच हसत होती.

ओहोटीमुळे पडाव बराच अलीकडे रुतला. पुढे गुडघाभर पाणी आणि चिखल. उतारूंना खांद्यावर घेऊन जाणारे कोळी आले खरे, पण खांद्यावर बसायचं तर पाय दुमडायला हवा! बाबाजी बावरून इकडे तिकडे बघू लागले.

"काका," तो तरुण म्हणाला, "हिच्यावर बसवा त्यांना. एक टोक तुमी धरा, एक मी धरतो."

अशी कोकिळा फळीवर बसून किनाऱ्याला लागली. पुढे चालणाऱ्या त्या तरुणाची फक्त पाठ तिला दिसत होती... भिजलेला सदरा, मानेवरचे कुरळे केस आणि पिशवीतून डोकावणारी करवत. किनाऱ्यावरच्या कोळणी टोपल्या बाजूला ठेवून हसायला लागल्या.

"नवरी आली गो, नवरी! पालखीतनं आली!"

या वेळी कान लाल व्हायची पाळी कोकिळाची होती.

घरी पोहोचेपर्यंत बाबाजींनी त्या तरुणाची सगळी चौकशी केली. तो दिनानाथ, चौलात त्यांच्या कुंपणाला कुंपण लागून ज्यांची वाडी होती त्या येसूबाईंचा भाचा. मुंबईत गोदीच्या वर्कशॉपात कामाला होता. आत्या थकली, तिला मूलबाळ नाही, म्हणून नोकरी सोडून वाडी बघायला कायमचा आला होता. फळी आत्याच्या विहिरीवरच्या रहाटासाठी होती. रहाटाची बैठक मोडली होती म्हणे.

आता कोकिळाच्या पायाचं सांगायला हवं. ती पडली-बिडली नव्हती. ती फुगडी खेळत होती. गौरींच्या खेळांत मैना नावाच्या मैत्रिणीशी तिची पैज लागली, बसफुगडीत कोण आधी दमतं याची. उकिडवं बसायचं, हातात हात गुंफायचे आणि एकेक पाय पुढे टाकत नाचायचं. मैना हरत आली होती. अशात कोकिळाच्या गुडघ्यात फट् करून आवाज झाला आणि गुडघ्याची वाटी चक्क वर सरकली. गावातला हाडवैद्य प्रामाणिक माणूस. त्याने हात लावून पाहिलं आणि सांगितलं, "हे हाड न्हाय, शीर तुटलीय. माझं काम न्हाय. मुंबईला न्या." मुंबईच्या डॉक्टरांनी तुटलेली शीर रेशमी दोऱ्याने शिवली, पाय सात आठवडे पलिस्तरात ठेवला आणि निरोप देताना बजावलं, "आता रोज वाकवायचा. दुखेल. रडत वाकवा, पण वाकवा."

बाबाजींनी हे सारं घरी जसंच्या तसं सांगितलं. कोकिळाच्या आईने, सखुबाईने, त्यातलं 'दुखेल' एवढंच ऐकलं. प्रवासापुरत्या बांधलेल्या कामट्या तिने सोडूच दिल्या नाहीत. "आदी शीर धरू दे घट्ट. मग वाकवू सावकाश."

पण सावकाश वाकवायला सवड होतीच कुठे? गौरींच्या आधीच कोकिळाचं लग्न मुरुडच्या काळूरामशी ठरल्यासारखं होतं. पायाची बातमी तिकडे पोहोचली आणि काळूरामच्या आईचा, सोनूबाईचा, निरोप आला. 'फाल्गुनात येऊन बगू. पोर पाटावर मांडी घालून बसली तर वैशाखात लगीन. न्हायतर तुमी तुमच्या वाटेनं, आमी आमच्या.' त्या दिवसापासून सखुबाईचं सगळं चित्त फाल्गुनाकडे लागलं. कोकिळालाही मांडी घालायचीच होती. काळूरामला तिने पाहिलं नव्हतं, पण जन्मभर लंगडी म्हणवून घेणं तिला नको होतं. ती ओटीवर पाय पसरून बसायची आणि पोफळींच्या शेंड्यांतून हलणारं ऊन बघत राहायची.

एके दिवशी कुंपणापलीकडून आवाज आला.

"कामट्या अजून हायतच?"

"आई सोडू देत न्हाय."

"आमच्या वर्कशॉपात एक लोहार होता. त्याचाबी पाय असाच जपला घरच्यांनी. जपून जपून त्याचा वासा झाला. आता बिचारा उभ्यानं जेवतो."

"खोटं!"

"बरं, जेवतो बसून. पण पाय शेजाऱ्याच्या ताटात!"

कोकिळा खुदकन हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दिनानाथची चेष्टा तिथेच थांबली. तो कुंपणाच्या अगदी जवळ आला.

"आमच्या रहाटावर ये. डॉक्टरनं सांगितलंय तेच तिथं होतंय बघ... आणि वाडीला पाणीबी मिळंल."

सखुबाईला तयार केलं ते येसूबाईने. "सखू, माजा भाचा दुपारचा माडावर असतो, शिंपणं खोळंबतं. पोरगी हातपाय हालवंल, तिचा जीवबी रमंल. मी हायच तिथं बसलेली." येसूबाई स्वतः बसणार म्हटल्यावर सखुबाईला नाही म्हणता येईना. कामट्या सुटल्या.

येसूबाईची वाडी लहान, रहाटही लहान. बैल जुंपायचा नाही, पायाने चालवायचा. विहिरीच्या काठावर लाकडी चाक, चाकाच्या कडेने खुंट्या आणि चाकावरून विहिरीत उतरलेली लोट्यांची माळ. समोर फळीवर बसायचं, वरच्या खुंट्या हातांनी ओढायच्या, खालच्या पायांनी रेटायच्या. चाक कुरकुरत फिरतं, लोटे भरून वर येतात, पन्हळीत ओततात आणि रिकामे होऊन पुन्हा खाली जातात. कोकिळाने लहानपणापासून हे पाहिलं होतं. पण दिनानाथने फळीखालच्या वाशांना खाचा पाडल्या होत्या, ते मात्र नवीन होतं.

"ही पहिली खाच, चाकापासून लांब. हिच्यात फळी बसवली की गुडघा जेमतेम वाकतो. आठ-दहा दिवसांनी फळी पुढच्या खाचेत. एकेक खाच पुढं सरकायचं. आठवीत बसून चाक फिरवलंस की टाच मांडीला लागंल. मग खुशाल मांडी घाल."

"मोजलंत कसं?"

"माझ्याच गुडघ्यावरनं."

"तुमचे पाय केवढे लांब!"

"म्हणून तर एक खाच जास्तीची धरलीय." त्याने वाशावरचा भुसा पुसला. "पडावातला तुझा पाय बघितला होता मी. चांगला लांब हाय."

पहिल्या दिवशी तीन लोटे वर आले, आणि चौथ्याला कोकिळा कळवळून ओरडली. दिनानाथ धावत आला, पण हात लावायचा तर मर्यादा! तो नुसता शेजारी उभा राहिला आणि वरची खुंटी त्याने धरून ठेवली, पाय सावकाश सुटावा म्हणून. खुंटीवर तिची बोटं, त्यांच्या जरा वर त्याची. मधे एवढीशी जागा होती. ती जागा पुढे कितीतरी दिवस कोकिळाच्या मनातून गेली नाही.

येसूबाई विहिरीजवळ सुपारी सोलत बसायची आणि थोड्याच वेळात तिची मान कलायची. ती खरंच झोपायची की झोपेचं सोंग घ्यायची, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

मार्गशीर्ष गेला, पौष आला. दुपारी पोफळींच्या सावल्या पाण्यावर हलायच्या, पन्हळीतून पाणी झाडांच्या आळ्यांत खुळखुळायचं आणि समुद्राकडचा वारा हळूच वाडीत शिरायचा. चाक फिरत राहायचं. त्या कुरकुरीत कोकिळाला गुंगी चढल्यासारखं व्हायचं. पाय दुखायचा, तरी दुपारची ती इतकी वाट बघायची की सखुबाईला नवल वाटायचं.

"वरनं काय दिसतं हो?" एकदा तिने माडाच्या शेंड्यावर चढलेल्या दिनानाथकडे बघत विचारलं.

"समुद्र. कोर्लईचा डोंगर. आणि..."

"आणि?"

"एक रहाट दिसतो. त्याच्यावर एक बाय बसलेली असते. जीभ दातात धरून चाक फिरवते."

"मी न्हाय जीभ धरत!"

"चौथ्या खाचेपासनं धरतेस. तिसरीत नुसतं तोंड वाकडं करायचीस."

तिने ओंजळभर पाणी वर भिरकावलं. त्याच्यापर्यंत ते कसलं पोहोचतंय! सगळं येसूबाईच्या अंगावर आलं, आणि येसूबाईने झोपेतच तोंडावरून हात फिरवला.

घरी मात्र कोकिळाने पाय अर्धाच वाकवून दाखवला. फाल्गुनात पाहुण्यांसमोर एकदम मांडी घालायची आणि आईला चकित करायचं, असा तिचा बेत होता. पाय किती वाकतो हे फक्त दिनानाथला ठाऊक होतं. मनातलं एवढं गुपित आपण त्याच्याजवळ का ठेवलं, याचा विचार तिने केला नव्हता. केला तो माघात, सातवी खाच आली तेव्हा.

सातवी सोपी गेली. आठ दिवसांत चाक गरगर फिरायला लागलं. पण आठवी खाच पाडलेलीच नव्हती. वाशावर नुसती पेन्सिलीची रेघ होती.

"ही कधी पाडणार?"

"करवतीला धार न्हाय."

दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं.

"लाकूड ओलं हाय."

"सागवान? माघात ओलं?"

माडावर चढायचा दोर खांद्यावर टाकून दिनानाथ निघून गेला. कोकिळा त्या रेघेकडे बघत बसली. आठवी खाच म्हणजे मांडी. मांडी म्हणजे मुरुड... तिच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. त्याला खाच पाडायची नव्हती! आणि खरं सांगायचं तर तिलाही ती नको होती. पाय बरा व्हावा म्हणून तीन महिने दात-ओठ खाऊन चाक फिरवलं, आणि आता बरा होतोय म्हणून रडू येत होतं. असं कुणाचं झालं असेल का?

पाहुणे यायला तीन दिवस उरले. सकाळीच कोकिळाला ओटीवर करवतीचा आवाज आला. ती काठी न घेता, भिंतीला न धरता कुंपण ओलांडून गेली. दिनानाथच्या केसांत भुसा होता. त्याने मान वर केली नाही.

"झाली खाच."

"धार लावली व्हय करवतीला?"

"धार होतीच." त्याने भुसा फुंकला. "पाय तुझा हाय, कोकिळा. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तो अर्धा ठेवायचा, हे पाप झालं असतं. चार दिवस मी तेच केलं. बस आता."

त्याने तिचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. ती आठव्या खाचेत बसली. पहिल्या फेऱ्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले, दुसऱ्याला घाम फुटला, आणि पाचव्या का सहाव्याला टाच मांडीला लागली. मग ती खाली उतरली, गळून पडलेल्या पोफळीच्या विरीवर, झावळीच्या त्या रुंद देठावर, बसली आणि तिने सावकाश मांडी घातली. जवळजवळ सहा महिन्यांनी! गुडघ्यावरचा शिवणीचा लांब वण ताणून पांढरा झाला, पण पाय राहिला.

"बघा ना..." ती म्हणाली.

दिनानाथ पाठ करून लोट्यांच्या गाठी आवळत होता. "बघितलं. मुरुडची माणसं खूश होतील."

सुरंगीच्या फुलांचा वास सगळ्या वाडीभर दरवळत होता आणि कोकिळाला तो सहन होईना.

पाहुणे ठरल्या दिवशी आले. सोनूबाई, तिचे दीर आणि काळूराम. सखुबाईने ओटी सारवली होती, पाट मांडला होता. शहाळी सोलायला शेजारचा दिनानाथ होता, दाराजवळ खाली मान घालून बसलेला. येसूबाई खांबाला टेकून डोळे मिटून.

काळूराम देखणा होता, गुणाचाही असावा. पण कोकिळा आल्यापासून तो तिच्या पायाकडेच बघत होता. एकदाही त्याने तोंडाकडे पाहिलं नाही.

"बस बये पाटावर," सोनूबाई म्हणाली. ती वाईट बाई नव्हती, रोखठोक होती. "आमाला चुलीपुढं बसणारी, भात लावणारी सून पायजे. राग मानू नगस. मांडी घाल, की आमी सुपारी फोडतोच."

सखुबाईचे हात पदराखाली जोडलेले होते.

कोकिळा पाटावर बसली. डावा पाय तिने दुमडून घेतला. मग उजवा... तिने दाराकडे पाहिलं. कोयत्याने शहाळं छाटता छाटता दिनानाथचा हात थांबला होता, पण मान खालीच होती. तो बघणार नव्हता. खाच पाडून दिली, आता पुढचं तिच्यावर सोपवून तो मोकळा झाला होता.

कोकिळाने उजवा पाय सरळ पसरला.

"दुमड की," सोनूबाई म्हणाली.

कोकिळाने हातांनी गुडघा धरला, ओठ चावला, आणि पाय सरळच ठेवला. दारातला कोयता खाली पडून खणकन वाजला. दिनानाथने मान वर केली होती. तो तिच्या पायाकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघत होता. या सगळ्या माणसांत तो पाय वाकतो हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि कोकिळा त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बसली होती. तिला जे तोंडाने कधी बोलता आलं नसतं ते सगळं तिथे सांगून झालं.

पाहुणे चहा घेऊन उठले. जाताना सोनूबाईने कोकिळाच्या डोक्यावरून हात फिरवला, "देवाची मर्जी, दुसरं काय!" सखुबाई आत जाऊन चुलीपाशी रडायला लागली. तिचं रडणं कोकिळाच्या काळजाला घरं पाडत होतं. तिला तिथे थांबवेना. ती वाडीतून विहिरीकडे गेली, आठव्या खाचेत बसली आणि तिने चाक फिरवायला घेतलं.

"पायाला काय झालं?" दिनानाथ मागे येऊन उभा होता.

"कुठं काय?" चाक फिरतच होतं. टाच मांडीला लागत होती.

"मग मघाशी..."

"मघाशी दुसऱ्यासाठी मांडलेल्या पाटावर होते." तिने चाक थांबवलं. "तुमी चार दिवस खाच पाडली न्हाय. मग मी एक दिवस मांडी घातली न्हाय तर काय झालं?"

"कोकिळा, मला तू हवीस. पडावात तू मला झिडकारलंस तेव्हापासनं हवीस."

"झिडकारलं कुठं? पाय आत घेता येत न्हाय एवढंच सांगितलं." तिला हसू आणि रडू एकदम आलं. "मलाबी हवे आहात तुमी..."

"गुलामे!"

कुंपणात सखुबाई उभी होती. समजूत घालायला लेकीला शोधत आली होती, आणि लेकीचा गुडघा पार दुमडलेला तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तिने जवळच पडलेला झावळीचा दांडा उचलला.

"वाकतोय! वाकतोय की गं तुजा पाय! आन् मी तितं चुलीपाशी छाती बडवतेय! थांब तू!"

कोकिळाने फळीवरून उडी मारली आणि ती पळाली. पोफळींमधून, पाण्याने भरलेल्या आळ्यांवरून, पदर खोचून. दोन्ही पायांनी. गौरींच्या आधी पळायची तशी. विहिरीला एक वळसा घालून ती येसूबाईच्या ओट्याआड दडली.

सखुबाई जागच्या जागी थांबली होती. दांडा तिच्या हातातून कधी गळून पडला ते तिला कळलंच नाही. चार महिने तिने लेकीला पाऊल पाऊल जपून टाकताना पाहिलं होतं. तिने पदराने डोळे पुसले, पुन्हा भरले, पुन्हा पुसले. मग ती दिनानाथकडे वळली. त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, सदऱ्यावरच्या शहाळ्याच्या डागांसकट.

"ती फळी," ती रहाटाकडे बोट करून म्हणाली, "बोटीतनं आणलीस ती हीच व्हय?"

"हीच, काकी."

"सागवान हाय?"

"हाय."

"काढ ती. पाट करायचेत."

"मग रहाटाला?"

"रहाटाला दुसरी बग. आमचं काम झालं आता." सखुबाईने नाक ओढलं. ओट्याआडून दोन डोळे लुकलुकत होते, तिकडे तिने मुद्दाम पाहिलं नाही. "आन् एक पाट न्हाय, दोन कर. सारख्या मापाचे."

घरी परतून आपल्या ओट्यावर खांबाला टेकलेली येसूबाई डोळे न उघडताच बोलली, "तीच फळी पुरंल दोगांना. मी मापून ठेवलीय कवाच."